उघडणं म्हणजे लिहिणं न्हाय

आमच्या संस्थेतल्या सगळ्यात देखण्या बोकडाचा फोटो मी नुसता उघडून आणि बंद करून नासवला. मुद्दाम नाही, रागानं नाही, कुणाचे पैसे खाऊन तर मुळीच नाही. तेवढी अक्कल असती तर मी पुण्यातनं परत आलो नसतो.

उघडल्यानं फोटो कसा नासेल, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो होतो. संस्थेचा संगणक सांभाळणाऱ्या पाडुळे सरांच्या तोंडावर म्हणालो होतो. त्यावर त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत घातला आणि बाजारात गिऱ्हाईक शेळीचे दात बघून तिला मागं ढकलतं तसं माझ्याकडं बघितलं. बोलले काही नाहीत. सरांचं न बोलणं बोलण्यापेक्षा जास्त लागायचं. बोलणंही काही कमी लागायचं नाही.

संस्था शेळीपालकांची. येरमाळ्याला हायवेच्या कडेला, टायरच्या दुकानावर दोन खोल्या. खाली दिवसभर हवा भरत असत, वर चेअरमन ती सोडत असत. काम असं की गावोगाव फिरून शेळ्यांच्या कानात नंबरचा बिल्ला मारायचा, फोटो काढायचा आणि तो संगणकात ठेवायचा. विम्याला फोटो लागतो, जातिवंत म्हणून विकायला फोटो लागतो, आणि भांडण झालं तर फोटो लागतोच. आता आमच्या भागातली शेळी म्हणजे बहुतेक काळीभोर. दहा शेळ्यांचे फोटो शेजारी मांडले तर दहा तवे मांडल्यासारखे दिसतात. ओळख पटते ती कानावरून. एखादीचा कान पांढरा, एखादीचा ठिपक्यांचा, एखादीचा नुसता कडेला उजळ. म्हणून सरांचा पहिला नियम, "तोंड न्हाय आलं तरी चालंल, कान आला पायजे." हा नियम त्यांनी एकदा सभेत सत्काराचा फोटो काढतानाही पाळला. त्या फोटोत चेअरमनचा एक कान आला आणि बाकी सगळा हार.

सर मूळचे धनगर वस्तीवरचे. उंच, वाळकुडे, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की कुणीतरी आत्ताच चूक केली आहे, फक्त कुणी ते कळायचं बाकी आहे. घरची मेंढरं रानात सोडून मगच ऑफिसला यायचे आणि अंगाचा वास लपवायच्या भानगडीत पडायचे नाहीत. खुर्चीवर गादीच्या जागी घडी घातलेलं घोंगडं. तरुणपणी एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते, तिथल्या संगणकाचा प्रोग्राम अडला की उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागायची आणि ड्रायव्हर आईबहिणीवर यायचे. शिव्या खाण्यापेक्षा आत काय आहे ते बघावं म्हणून सरांनी तो प्रोग्राम उघडला आणि ज्या भाषेत तो लिहिला होता ती भाषाच शिकून टाकली. तीच पहिली, तीच शेवटची.

त्या भाषेचं नाव लिहायचं टीसीएल आणि म्हणायचं टिकल. तिच्या जोडीला खिडक्या, बटणं काढायचा एक संच येतो आणि त्यात फोटो वाचायची, लिहायची सोय असते. पुण्यात आम्ही असल्या भाषांना हसायला शिकलो होतो. शिकलेलं तेवढंच एक पक्कं होतं, म्हणून पहिल्याच आठवड्यात विचारलं, "सर, ही भाषा आता वापरतं कोण?"

"मी."

"तसं नाही, जगात?"

"जग मला इचारून चालत न्हाय, मी जगाला इचारून चालत न्हाय. बाकीच्या आल्या आन् गेल्या. ही टिकली."

हा विनोद ते दर महिन्याला करत. त्यावर हसायचं नसतं, हे मला दुसऱ्या महिन्यात कळलं. हसलं की ते विचारत, "काय झालं?"

संगणक हळू चालायला लागला की सर त्याच्या डब्यावर तळहात ठेवायचे. फुगलेल्या शेळीच्या पोटावर ठेवतात तसा, कान जरा कलता करून. एकदा मी शेळ्यांचे फोटो एकामागून एक दाखवणारा प्रोग्राम केला. पहिल्या गावापर्यंत पळाला, दुसऱ्या गावाला धापा टाकायला लागला आणि तिसऱ्या गावात मेला. सरांनी हात ठेवला.

"पोटफुगी. फोटो उघडतोस, बघून झाल्यावर सोडतोस का?"

"खिडकी बंद करतो की, सर."

"खिडकी बंद केली म्हंजी आतली शेळी बाहेर गेली का? समदा जिल्हा कोंबलायस ह्या डब्यात. ज्याला आत घेतलं त्याला बाहेर बी काढावं लागतं. तुमच्या पुण्यात कोंडवाडे न्हाईत का?"

दुसऱ्या वेळी विम्याच्या साईटनं आमचे फोटो परत पाठवले, जेपीजीच पाहिजेत म्हणून. माझ्याकडं होते दुसऱ्या प्रकारचे. मी शहाण्यासारखं प्रत्येक फाईलच्या नावाचं शेपूट खोडून तिथं जेपीजी लिहिलं. आमच्या प्रोग्राममध्ये सगळे फोटो छान उघडले, म्हणून मी जेवायला गेलो. साईटनं सगळे परत पाठवले. सरांनी शांतपणे जेवणाचा डबा बंद केला. "नाव बदललं म्हणून शेळीची गाय व्हत न्हाय. आपली टिकल जनावराचं तोंड बघून वळखती, म्हणून तिच्याकडं तुझं खपलं. ते साईटवाले पाटी आन् तोंड, दोन्ही बघत्यात." मग त्यांनी फाईल वाचून ती नीट जेपीजीत लिहायच्या दोन ओळी सांगितल्या, आणि त्या मी टाईप करत असताना माझ्या बोटांकडं अशा नजरेनं बघत राहिले की तिसरी ओळ मला आलीच नसती.

जेपीजी या प्रकारावर त्यांचा स्वतंत्र राग होता. तो त्यांनी मला उसावरून समजावला, कारण त्यांच्या मते आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला उसावरून समजलं नाही तर त्याला कशावरूनच समजणार नाही.

"फोटो दाबून लिहिणं म्हंजी ऊस चरकात घालणं. रस घेतला, चिपाड फेकलं. फाईल बारीक का व्हती? चिपाड फेकलं म्हणून. आता तू ती फाईल उघडलीस. तुला काय दिसतं?"

"फोटो."

"रसावरनं परत उभा केलेला ऊस दिसतो. दिसायला उसासारखाच. पण तो खरा ऊस न्हाय. त्याला परत चरकात घातला तर परत चिपाड निघणार, आन् ह्या वेळचं चिपाड म्हंजी तुझ्या रसातलंच. म्हणून बघायचं तर बघ, कितीबी बघ. उघडणं म्हणजे लिहिणं न्हाय. लिहायचं एकदाच, आन् किती दाबायचं ते ठरवून."

मी मान हलवली. मान हलवण्यात मी पहिल्यापासून हुशार.

सरांच्या हातून चुका होतच नव्हत्या असं कुणी समजू नये. त्यांना त्या फक्त दिसत नव्हत्या. एका हंगामात त्यांनी ठरवलं, की शेळी काळी, डोळे काळे, खुरं काळी, मग रंग हवेत कशाला? उगाच जागा खातात. त्या संचात फोटो बिनरंगी लिहायची सोय असते. सरांनी ती लावली आणि चेअरमनला सांगितलं, की संस्थेची जागा वाचवली. चेअरमनला वाटलं इमारतीची. पुढं बेंबळीचा एक जण तणतणत वर आला. त्याच्याकडं तांबड्या शेळ्या होत्या. आमच्याकडं काळ्याच्या जोडीला थोड्या तांबड्याही असतात, आणि हे जिल्ह्यात सरांखेरीज सगळ्यांना माहीत होतं.

"सर, माझी शेळी तांबडी हाय. तुमच्या फोटूत राखंत लोळल्यावानी दिसतीय."

सरांनी फोटो पाहिला, शेळीवाल्याला पाहिलं, परत फोटो पाहिला. "धुतली व्हती का फोटो काढायच्या आधी?"

तो माणूस निघून गेला. संध्याकाळी सरांनी गुपचूप रंग परत सुरू केले. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "रंग ठेवायचे असत्यात. ध्यानात ठेव. कुणीतरी बंद केलं व्हतं."

आणि अजून एक. सर कुठल्याही फाईलची दुसरी प्रत ठेवू देत नसत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "दोन ठेवल्या की खरी कंची, ह्याचंच भांडान. ज्याला हात सोच्छ ठेवता येत न्हाईत त्यालाच दुसरं धोतर लागतं." मला हे वाक्य इतकं आवडलं, की मी ते मित्रांना स्वतःचं म्हणून सांगत असे.

आता माझ्या कर्तृत्वाकडं येतो. पाहुण्यांना शेळ्या दाखवायला मी एक नवा प्रोग्राम केला. सरांच्याच भाषेत, पण पुण्याच्या थाटात. फोटोभोवती सोनेरी चौकट काढली. फोटो त्या चौकटीत नीट बसेना, डाव्या बाजूला आणि वर थोडा बाहेर यायचा. मग उघडताना तेवढा काठ कापायचा असं मी ठरवलं. आणि एका परीक्षेच्या वेळी जतन न केल्यामुळं माझा सगळा प्रकल्प गेला होता, तेव्हापासून मी शपथ घेतली होती की आपलं काहीही जतन केल्याशिवाय बंद होणार नाही. म्हणून खिडकी बंद केली की प्रोग्राम फोटो परत लिहायचा. जागा वाचावी म्हणून चांगला दाबून.

सरांनी तो वाचला होता. दोन बोटांनी एकेक ओळ दाबत खाली आले आणि थांबले.

"बंद करताना काय करतोय ह्यो?"

"जतन करतो, सर."

"बदललं काय म्हणून?"

"काही नाही."

"मग जतन कशाचं? ही ओळ काढ."

"काढतो, सर."

त्याच वेळी चेअरमननं खालून चहाला हाक मारली. ओळ तिथंच राहिली. चहा बरा होता.

आमच्याकडं सगळ्यात जास्त बघितला जाणारा फोटो होता छबूबाईच्या बोकडाचा. छबूबाई येरमाळ्याच्या माळावर वस्ती करून राहायची. आवाज असा की हायवेवरचा ट्रक थांबून विचारायचा, काय झालं. तिचा बोकड खरोखर राजबिंडा. काळा कुळकुळीत, आणि उजव्या कानावर पांढरे ठिपके, तव्यावर लाह्या फुटल्यासारखे. आसपासच्या गावांतून लोक आपल्या शेळ्या त्याच्याकडं घेऊन यायचे आणि त्यावर तिचं घर चालायचं. त्याचं नाव जावई. का म्हणून विचारलं तर म्हणायची, "खातो लई, काम एकच करतो, आन् वर समद्यांनी मान द्यायचा. दुसरं काय नाव ठिवू?"

कुणी पाहुणा आला, की चेअरमन आरोळी देत, "इंजिनेर, जावई दाखवा!" मी उघडायचो. सोनेरी चौकट. पाहुणे वाहवा करायचे. बंद करायचो. दर वेळी फोटोचा काठ थोडा जायचा आणि उरलेला बोकड नव्यानं दाबून लिहिला जायचा. ज्या शेळ्यांकडं कुणी ढुंकून बघत नव्हतं त्यांचे फोटो जसेच्या तसे होते. कौतुक जावयाचं चाललं होतं, म्हणून त्याचीच वाट लागत होती, आणि रोज बघणाऱ्याला रोजचं वाळणं दिसत नाही.

ऊसतोडीच्या दिवसांत जावई हरवला. उसाचं वाढं, म्हणजे वरचा हिरवा शेंडा, लादलेला एक ट्रॅक्टर माळाजवळून चालला होता. जावई ते खात खात त्याच्या मागं चालत गेला, तो थेट ढोकीच्या शिवारात. छबूबाईनं आठ दिवस गाव पालथं घातलं. सापडला तेव्हा तो भुजंगराव नावाच्या बागायतदाराच्या दावणीला होता. कान फाटलेला, बिल्ला गेलेला. भुजंगराव म्हणाले, "हा आमच्याच शेळीच्या पोटचा. दारात जन्मलाय."

चेअरमननं निवाडा आमच्या ऑफिसात लावला. "फोटो आहे म्हटल्यावर भांडण कशाला? फोटोशी कान जुळला तर बाईचा, नाही जुळला तर भुजंगरावांचा." टेम्पोत घालून बोकड आणला आणि खाली टायरच्या दुकानासमोर बांधला. छबूबाई खुर्चीवर बसली नाही. दाराशी उभी राहिली, पदर कंबरेला खोचून. "बोकड गेला तर माझ्या दारात शेळी घिऊन कोण येतंय?" एवढंच एकदा म्हणाली.

मी जावई उघडला.

सोनेरी चौकटीत एक काळा, चौकोनी चौकोनी ढग होता. जवळून बघितलं की फरशी, लांबून बघितलं की डांबर. कानाच्या जागी राखाडी ठोकळे. आणि बोकड उजवीकडं तोंड करून उभा असल्यामुळं डावीकडचा काठ कापता कापता त्याचं शेपूट गेलं होतं.

भुजंगराव वाकले. "हा बोकड हाय का खड्डा बुजवलाय? आन् ह्याला शेपूट न्हाय. खाली बांधलेल्याला शेपूट हाय. म्हंजी ह्यो त्यो न्हाय."

"मुद्दा आहे," चेअरमन म्हणाले.

अशा वेळी माणूस जे करतो तेच मी केलं. लाज झाकायला खिडकी बंद करायला गेलो.

"बंद करू नको!" सर ओरडले.

तोवर केली होती. जावई आणखी एकदा दाबून लिहिला गेला.

"ती ओळ काढली व्हतीस ना?"

मी फार हळू म्हणालो, "सर, दुसरी प्रत?"

सरांनी चष्मा काढला आणि न पुसताच परत घातला. त्यांचं न बोलणं मी पुष्कळ सोसलं होतं, पण हे वेगळं होतं. यात दुसरं कुणी नव्हतं, त्यांचं ते धोतराचं वाक्य आणि ते.

छबूबाईनं माझ्याकडं बघितलं. "म्हंजी माझा बोकड तुमी खाल्ला?"

"नाही मावशी, बोकड खाली आहे."

"मग फोटू कुणी खाल्ला?"

मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "आमी."

'यानं' म्हणाले नाहीत. त्यांनी चूक कबूल केलेली मी ऐकली ती एवढीच, आणि त्यातही निम्मी माझी होती. पण तिच्यावर हक्क सांगायला मला सवड मिळाली नाही, कारण सरांनी घोंगड्यासकट खुर्ची पुढं ओढली.

"बापाचं तोंड गेलं. पोरांची तर असत्याल? छबूबाई, ह्याच्याकडं कुठल्या कुठल्या शेळ्या आल्या व्हत्या?"

"आता काय काय सांगू? बेंबळीचा त्यो तांबड्या शेळ्यांवाला आल्ता. कळंबची मास्तरीण आल्ती, तिची शेळी चावती. वस्तीवरली आमची जाऊ आल्ती, बोलत न्हाय पर बोकड चालतो तिला..."

"बास. तेवढी बास."

मी माऊसकडं हात नेला. सरांनी हातावर फटका मारला, शाळेतल्यासारखा, आवाज होईल असा. "तू उघडायचं न्हाय. तुझ्या चौकटीत तर मुळीच न्हाय." आणि माझा प्रोग्राम बाजूला सारून त्यांनी ती काळी खिडकी उघडली ज्यात नुसती अक्षरं असतात. दोन बोटांनी एकेक हुकूम लिहिला. वाचायचे हुकूम. लिहायचा एकही नाही.

करडांचे फोटो शेजारी शेजारी उभे राहिले. नोंद झाल्यापासून त्यांच्याकडं कुणी बघितलंच नव्हतं, म्हणून केस न् केस शाबूत. मास्तरणीचं करडू डोळे वटारून. जावेचं करडू तोंडात पिशवीचा बंद धरून. बेंबळीचं त्या बिनरंगी हंगामातलं, राखाडी, आईवर गेलं की बापावर ते समजायला मार्ग नव्हता. पण कान होता. तिन्हीच्या तिन्ही उजव्या कानांवर फुटलेल्या लाह्या.

छबूबाई दारातून पहिल्यांदा आत आली. "ही बघा. थेट बापाचा कान."

"कान आईवरनं येतो," भुजंगराव म्हणाले.

"मुद्दा आहे," चेअरमन म्हणाले.

सरांनी मान वळवली नाही. "येतो की. भुजंगराव, तुमच्या शेळ्या बी नोंदवल्यात संस्थेत. ह्याची आई कंची म्हणालात?"

भुजंगरावांनी बरंच आठवून एका शेळीचं वर्णन केलं. सरांनी तिचा फोटो उघडला. मग गोठ्यातल्या बाकीच्यांचे उघडले. सगळ्यांचे कान काजळासारखे काळे, एकावरही पांढरा ठिपका नाही.

"आजीवरनं आला असंल," भुजंगराव म्हणाले.

चेअरमनचं तोंड उघडलं, पण खालचा एक टायरवाला जिन्यात येऊन ऐकत होता, तो इतक्या मोठ्यानं हसला की मुद्दा तिथंच राहिला. भुजंगराव उठले. "न्या. पण आठ दिवस माझं वाढं खाल्लंय त्यानं, पोतं पोतं."

"जावई हाय," छबूबाई म्हणाली. "खाणारच."

दुसऱ्या दिवशी चेअरमननं मला संगणकापासून सोडवलं आणि बिल्ले मारायला गावोगाव पाठवलं. तिथं मी कुणाचं नुकसान करू शकत नव्हतो, फक्त शेळ्या मला चावू शकत होत्या, आणि त्या संधी सोडत नव्हत्या. उन्हाळ्याच्या तोंडाला परत आलो तेव्हा खुर्चीवरचं घोंगडं नव्हतं. संस्थेनं मोबाईलवरचं तयार ॲप घेतलं होतं, ते टिकलीला ओळखत नव्हतं, आणि सर त्याला ओळख द्यायला तयार नव्हते. नोकरी सोडून मेंढरं घेऊन गेले, एवढंच कळलं. फोन ते उचलत नाहीत. त्यांना भेटायला जाण्याएवढा मी मोठा झालेलो नाही आणि जाऊन शिव्या खाण्याएवढा लहान राहिलेलो नाही.

म्हणून सर मला दिसतात ते त्या निवाड्याच्या दुपारचे. खाली टेम्पोच्या मागच्या फळीवर जावई उभा, दोरी छबूबाईच्या हातात. सर रस्त्याच्या धुळीत गुडघ्यावर बसलेले, ऑफिसचा कॅमेरा डोळ्याला, चष्मा कपाळावर. नवा फोटो काढत होते. फाटलेला कान हवा तसा येईना. सर उजवीकडं सरकायचे, डावीकडं सरकायचे, दर वेळी गुडघ्याला नवा धुळीचा गोल. हायवेवरून बस गेली, बोकड बिथरला, सरांनी त्याला शिवी दिली ती जवळजवळ लाडाची होती. मला ती कधी मिळाली नव्हती. आपणही काही करावं म्हणून मी पुढं झालो, बोकडाची मान धरावी, निदान कान ताठ करावा. टेम्पोच्या कडेला जाऊन दोन्ही हात पसरून उभा राहिलो.

"सर, असं धरू का? की थोडं वर?"

सरांनी कॅमेरा खाली केला. बोलली छबूबाई.

"ओ शिकलेलं! कडंला सरका की जरा. तुमचीच सावली पडतीया त्याच्यावर."